चार सिउ सॉसची बरणी: ड्युटीवरून आल्यावर चकचकीत पोर्क

आमच्या वसईच्या घरी मसाला बाटलीतूनच यायचा. मे महिन्यात अंगणात चटयांवर मिरच्या वाळत पडायच्या, मसाला कुटणाऱ्या बाया दारात यायच्या आणि दिवसभर सगळं घर शिंकत असायचं. तयार मसाला बिअरच्या रिकाम्या तपकिरी बाटल्यांत काठीने ठासून भरायचा. त्याला उजेड लागत नाही, वर्षभर रंग टिकतो. नावच बॉटल मसाला. रविवारी मिस्साहून आल्यावर आई त्यातला मसाला, लसूण आणि सिरका घालून डुकराच्या मटणाचं इंद्याल टाकायची आणि घरभर असा वास सुटायचा की अभ्यासाला कोणी बसायचं नाही.

त्यामुळे बाटली उघडून स्वयंपाक करण्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. बाटलीत काय आहे आणि आपण त्याचं काय करतो, एवढंच बघायचं. गेली दोन वर्षं सिंगापूरच्या माझ्या स्वयंपाकघरात अशीच एक बरणी कायमची आहे: ली कुम की कंपनीचा चार सिउ सॉस, म्हणजे भाजलेल्या कँटोनीज पोर्कचा गोडसर सॉस. छोटी, काचेची, २४० ग्रॅमची. इथल्या कुठल्याही फेअरप्राइस सुपरमार्केटमध्ये सोया सॉसच्या रांगेत मिळते आणि हॉकर सेंटरवरच्या, म्हणजे एका छताखालच्या खाण्याच्या गाळ्यांवरच्या, चार सिउ राइसच्या एका प्लेटीला जेवढे पैसे पडतात, साधारण तेवढ्यात येते.

मी नर्स आहे. सकाळची ड्युटी असली की साडेपाचला घर सोडते. तीन-साडेतीनला सुटायचं असतं, पण वॉर्डात एखादं नवीन ॲडमिशन आलं की हँडओव्हर लांबतो. घरी येईपर्यंत साडेपाच. मुलगी शाळेतून येऊन भुकेने फ्रिज उघडझाप करत असते, नवरा सातला येतो. अशा दिवशी काय रांधायचं, हा प्रश्न मला वर्षानुवर्षं छळत होता. इंद्याल अशा घाईत होत नाही, आणि रोज बाहेरून आणणं मला पटत नाही.

मार्ग दाखवला वॉर्डातल्या माझ्या मैत्रिणीने. ती मलेशियातल्या इपोहची, घरी कँटोनीज बोलणारी. एकदा तिच्या डब्यातले लालसर, काठाला जरा करपलेले, तुपासारखे चमकणारे तुकडे बघून मी विचारलं, हे तू घरी केलंस? "घरीच. आईसुद्धा बरणीतलाच सॉस वापरते," ती म्हणाली. "पण तो शेवटी घालायचा असतो, सुरुवातीला नाही. सगळे तिथेच चुकतात."

मीही तिथेच चुकले होते, पण ते पुढे सांगते. आधी चार सिउ म्हणजे काय, हे थोडं सांगायला हवं, कारण वसईतल्या माझ्या बहिणींनी फोटो बघून "हे तंदुरी आहे का?" असं विचारलं होतं. हा दक्षिण चीनमधल्या ग्वांगडाँग प्रांताचा पदार्थ. कँटोनीजमध्ये 'चार' म्हणजे काटा आणि 'सिउ' म्हणजे भाजणं. मटणाच्या लांब पट्ट्या काट्यांवर लावून विस्तवावर भाजायच्या, यावरून पडलेलं नाव. तिथून हाँगकाँग, मलेशिया, सिंगापूर अशी कँटोनीज माणसं जिथे गेली तिथे तो गेला. इथल्या हॉकर सेंटरमध्ये काचेमागे आकड्यांवर टांगलेली बदकं, कोंबड्या आणि त्यांच्या शेजारी ही लाल पट्टी दिसली नाही, असं सहसा होत नाही. २०२० साली युनेस्कोने सिंगापूरच्या हॉकर संस्कृतीला आपल्या वारशाच्या यादीत घेतलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा तीच काच आली होती.

खऱ्या दुकानात मटण सोया सॉस, होइसिन हा सोयाबीनचा दाट गोडसर सॉस, शाओशिंग ही तांदळाची वाइन आणि लाल रंगाचं आंबवलेलं टोफू यांत मुरवतात. पंचमसाल्याची पूड असतेच: चक्रीफूल, दालचिनी, लवंग, बडीशेप आणि सिचुआन मिरी. ही सिचुआन मिरी म्हणजे आपल्या कोकणातल्या तिरफळाचीच चुलत बहीण, चव घेतलीत की जिभेवरच्या मुंग्यांवरून लगेच ओळखाल. मग पट्ट्या भट्टीत टांगून भाजतात आणि अधूनमधून त्यांवर माल्टोजचा लेप देतात. माल्टोज म्हणजे धान्याच्या माल्टपासून केलेला घट्ट, चिकट पाक. साखरेपेक्षा गोडीला कमी, पण चकाकी अशी देतो की मटणावर काच बसवल्यासारखी वाटते.

हे सगळं ड्युटीवरून येऊन करणार कोण? बरणीत त्यातलं बरंचसं एकत्र करून दिलेलं आहे. लेबलवर पहिली साखर आहे, हे स्पष्टच सांगते. मग आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट, मध, सोया सॉस, लसूण वगैरे. गहू आणि सोया दोन्ही आहेत, तेव्हा ज्यांना चालत नाही त्यांनी लेबल वाचूनच घ्यावी. सॉस काळपट लाल, जॅमसारखा दाट. बोटाने चाखला तर आधी गोड लागतो, मग खारट, आणि शेवटी आंबवलेल्या सोयाबीनचा एक खोल वास मागे राहतो. त्या वासासाठीच मी ही बरणी घेते. साखर आणि मध माझ्या घरातही आहेत. तो वास मला घरी तयार करता येत नाही.

ही कंपनी जुनी आहे, १८८८ सालची. ग्वांगडाँगमधल्या नानशुई गावात ली कुम शुंग नावाचे गृहस्थ कालवं उकडून विकायचे. एकदा भांडं चुलीवर जास्त वेळ राहिलं आणि खाली दाट, काळा, सुवासिक रस उरला, तोच ऑयस्टर सॉस, अशी गोष्ट कंपनी सांगते. मला ती आवडते, कारण आमच्या वसईच्या किनाऱ्यावरही बायका खडकांवरची कालवं फोडून आणतात.

आता मटण. बरणीइतकंच महत्त्व याला आहे, उलट जास्तच. सुपरमार्केटमध्ये ट्रेमधले पातळ, बिनचरबीचे काप मिळतात. ते घेऊ नका, दहा मिनिटांत चामडं होतात. मी सुट्टीच्या दिवशी सकाळी ब्लॉकखालच्या बाजारात जाते. साडेदहाच्या आत गाठावं लागतं, नंतर चांगले तुकडे उरत नाहीत, आणि सोमवारी बरेच गाळे बंदच असतात. तिथल्या पोर्कवाल्या अंकलना मी पहिल्या दिवशी नुसतं "चार सिउसाठी" एवढंच म्हटलं. त्यांनी मानेखालच्या खांद्याचा तुकडा काढला, त्याला इथे कॉलर म्हणतात. सुरी लावून उभा कापला आणि छेद माझ्यासमोर धरला. लाल मांसातून चरबीच्या बारीक पांढऱ्या रेषा गेल्या होत्या, संगमरवरासारख्या. "हे वितळतं," ते म्हणाले. शेजारच्या आंटी 'साम चान बाक' मागत होत्या. हॉकियन भाषेत याचा अर्थ तीन थरांचं मांस, म्हणजे पोटाकडचा भाग. तोही चालतो, पण त्याला वेळ हवा. आठवड्यातल्या संध्याकाळी कॉलरच.

अर्ध्या किलोचे दोन सेंटिमीटर जाडीचे काप अंकलकडूनच करून घेते. घरी आणून दोन पिशव्यांत भरते, एक फ्रिजमध्ये, एक फ्रीझरमध्ये.

सकाळी पाचला चहा उकळत असताना मुरवण करते. दोन पोह्यांचे चमचे सॉस, एक चहाचा चमचा सोया सॉस, लसणाच्या चार पाकळ्या ठेचून, पांढऱ्या मिरीची पूड आणि पंचमसाल्याची एक चिमूट. हाताने चोळायचं, झाकण लावायचं, फ्रिजमध्ये. तीन मिनिटं लागतात. बारा तासांत मटण मीठ आणि गोडवा आत ओढून घेतं.

संध्याकाळी आल्याबरोबर डबा बाहेर काढते आणि भात लावते. मग अंघोळ. वॉर्डाचे कपडे उतरवल्याशिवाय मी ओट्याला हात लावत नाही. बाहेर येईपर्यंत मटणाचा फ्रिजमधला गारठा गेलेला असतो.

पहिल्या वेळी मी काय केलं होतं ते आता सांगते. बिडाचा तवा चांगला तापवला आणि सॉसने माखलेले काप तसेच टाकले. दोन मिनिटांत धूर झाला. बाहेरून काळे, आतून कच्चे, तव्याला डांबरासारखा थर आणि मुलीच्या खोलीपर्यंत जळका वास. मटण टाकून द्यावं लागलं आणि मला फार वाईट वाटलं, कारण तो अर्धा किलो मी चांगला निवडून आणला होता. बरणीत काही चूक नव्हती. साखर आहे, मध आहे. मधातलं फ्रुक्टोज तर साखरेच्याही आधी, ११० अंशांच्या आसपासच करपू लागतं, आणि तापलेला तवा दोनशेच्या वर सहज असतो. मटण शिजायला दहा मिनिटं हवीत, पाक जळायला दोन पुरतात. मैत्रीण म्हणाली होती ते हेच.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. कापांवरचं मुरवण चमच्याने खरवडून वाटीत काढते आणि काप कागदाने टिपून घेते. तव्यात चमचाभर तेल, मध्यम आच. काप एकमेकांना न चिकटवता ठेवायचे आणि तीन मिनिटं हात लावायचा नाही. खालून सोनेरी झाले की उलटायचे, परत तीन मिनिटं. आता पाव वाटी पाणी घालून झाकण. वाफेवर चार-पाच मिनिटांत ते शिजतात आणि कॉलरमधली चरबी पाण्यात उतरते. मी थर्मामीटर लावते, सवयच आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ साली पोर्कच्या अख्ख्या तुकड्यांसाठी सुरक्षित तापमान ७१ वरून ६३ अंशांवर आणलं, आणि खाली उतरवल्यावर तीन मिनिटं थांबायला सांगितलं. मी ६५ला गॅसवरून काढते. आई हे ऐकून अजूनही अस्वस्थ होते, पण कापाच्या आत रस राहतो तो यामुळेच. खिमा असेल तर मात्र हा नियम नाही, तो ७१पर्यंत नेलाच पाहिजे.

काप ताटलीत काढून ठेवते आणि मग खरं काम सुरू होतं. तव्यात उरलेल्या त्या चरबीच्या पाण्यात वाटीतलं मुरवण, बरणीतला आणखी दीड चमचा सॉस, एक चमचा मध आणि एक चमचा सिरका. मुरवणाला कच्चं मटण लागलेलं आहे, म्हणून ते खळखळून उकळलंच पाहिजे, नुसतं गरम करून चालणार नाही. आता तव्याजवळून हलायचं नाही. सुरुवातीला बुडबुडे बारीक, पाण्यासारखे, भराभर फुटणारे असतात. दोन मिनिटांनी ते मोठे होतात, जड होतात, फुटताना आवाज बदलतो, फसफस थांबून पुटपुट ऐकू येते. उलथन्याने तव्याच्या मधून रेघ ओढायची. रेघ लगेच भरून आली तर अजून वेळ आहे. दोन श्वास उघडी राहिली की झालं. लाडवांसाठी पाक केलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही: एकतारीच्या अलीकडे थांबायचं, कारण मटणाला लागून तो आणखी घट्ट होतो.

त्याच क्षणी काप तव्यात टाकून दोन्ही बाजूंनी घोळवायचे. अर्धं मिनिट, फार तर एक. प्रत्येक काप आरशासारखा चमकायला लागतो, काठाला पाक धरतो आणि तवा जवळजवळ कोरडा होतो. ताटात काढल्यावर तीन मिनिटं थांबून आडवे, धाग्यांच्या विरुद्ध कापायचे. शेजारी गरम भात, काकडीच्या चकत्या, आणि साय सिम या हिरव्या पालेभाजीची भाजी नुसती उकळत्या पाण्यातून काढून, वर तळलेला लसूण. सव्वासहाला उभी राहिले तर पावणेसातला जेवण तयार असतं.

सिरका हा माझा स्वतःचा भाग आहे, मैत्रीण घालत नाही. मी घालते कारण मला गोड मटण गोडच सोडता येत नाही. आमच्या इंद्यालात सिरका येतो तो पोर्तुगीजांकडून. वाइन आणि लसणात मटण मुरवण्याची त्यांची रीत १५३४ ते १७३९ या दोनशे वर्षांत वसईत इतकी रुजली की चिमाजी अप्पांनी किल्ला घेतल्यावरही ती आमच्या चुलीवर राहिली. चरबीच्या मटणाला आंबट हवंच, हे माझ्या जिभेला लहानपणापासून माहीत आहे. एका चमच्याने या सॉसचा सगळा स्वभाव बदलतो. गोडवा मागे सरतो, सोयाबीनचा वास पुढे येतो आणि दुसरा घास घ्यावासा वाटतो. मी तांदळाचा सिरका घेते. चीनचा काळा सिरका घातला तर चव आणखी खोल जाते, फक्त रंग थोडा गढूळ होतो.

बरणीबद्दल माझं मत विचाराल तर असं. चव पक्की आहे, दर वेळी तीच येते. दाटपणा चांगला आहे, कापाला धरून राहतो. एकटी वापरायची म्हटलं तर मला ती जास्त गोड वाटते आणि लसूण कमी वाटतो, पण त्याला औषध प्रत्येक घरात आहे. अर्ध्या किलोला साडेतीन-चार चमचे लागतात, म्हणजे एका बरणीत तीन वेळची जेवणं होतात. उघडल्यावर फ्रिजमध्येच ठेवायची आणि त्यात ओला किंवा मटणाचा चमचा बुडवायचा नाही.

मीठ मात्र सांभाळा. हे मी नर्स म्हणून सांगते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे म्हणते, आणि असे सॉस वापरले की ती मर्यादा कधी ओलांडली ते कळतही नाही. माझ्या वॉर्डात रक्तदाबाचे पेशंट रोज येतात. म्हणून मी वेगळं मीठ अजिबात घालत नाही, सोया सॉस कमी मिठाचा घेते, भात आणि भाजी अळणीच ठेवते आणि आठवड्यातून एकदाच हे करते. नवऱ्याची गोळी चालू आहे, त्याच्या ताटात पाच-सहा तुकडेच पडतात. त्याला ते कमी वाटतात, पण मी वाढत नाही.

मध्यंतरी स्वस्तात मिळाली म्हणून दुसऱ्या एका कंपनीची बाटली आणली होती. पातळ, भडक लाल, पाक आटवला तरी चकाकी धरेना आणि नुसता साखरपाणी-मिठाचा लेप बसला. मुलीने एक तुकडा खाऊन ताट सरकवलं. दीड डॉलर वाचवून अर्धा किलो चांगलं मटण वाया घालवणं मला परवडत नाही. बाजारात तेरियाकी सॉसही मिळतो. तो जपानी, पातळ, सौम्य आणि कोंबडीला छान. पोर्कच्या चरबीपुढे तो टिकत नाही, असा माझा अनुभव.

गेल्या नाताळात दोन बरण्या वसईला नेल्या. आईने बरणी उजेडात धरून बघितली, वास घेतला. "गोड मटण?" एवढंच म्हणाली. तिकडचं मटण निराळं, कातडीसकट, चरबीचा जाड थर असलेलं, आणि इथल्यापेक्षा कितीतरी चवदार. पण ते दहा मिनिटांत शिजणारं नव्हे. मी आधी थोडं पाणी आणि आलं घालून कुकरला तीन शिट्ट्या दिल्या, मग तोच पाक केला. मधाच्या जागी गूळ घातला, कारण घरात तो होता. खरं सांगते, गुळाने जो रंग आला तो मधाने कधी आला नाही: तांब्याच्या भांड्यासारखा. आई बाजूला उभी राहून उलथन्याची रेघ बघत होती. रेघ उघडी राहिली तेव्हा मी काही बोलायच्या आत तिनेच गॅस बारीक केला.

जेवायला भात नव्हता, फुगे, म्हणजे आमच्याकडचे पिठाचे तळलेले गोळे, केले होते. गरम फुगा फोडून त्यात दोन तुकडे घालून तिने खाल्ले. मग म्हणाली, "सिरका अजून अर्धा चमचा हवा होता. आणि एक मिरची."

आता मी एक वाळलेली लाल मिरची तेलात टाकते, काप ठेवायच्या आधी. जानेवारीपासून प्रत्येक वेळी. दुसरी बरणी तिच्याकडेच राहिली आहे, बॉटल मसाल्याच्या शेजारी, आणि परवा फोनवर ती संपत आल्याचं तिने सांगितलं. एप्रिलच्या सामानात तिच्यासाठी तीन ठेवल्या आहेत.